भिंगरीचं कडं

आमच्या मॅडम कॉलेजात यायच्या त्या कंपनीच्या बसने. चाकणच्या एका कारखान्याची रात्रपाळी सुटली की ती बस कामगारांना घेऊन पिंपरी-चिंचवडकडे निघायची, वाटेत निघोज्याच्या फाट्यावर थांबायची आणि मॅडम तिच्यात चढायच्या. आत सगळे माना टाकून झोपलेले. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मॅडमची. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, मांडीवर डब्याची पिशवी आणि पायांत काळे, जाडजूड सेफ्टी शूज. बस त्यांच्या पुतण्याची होती, कंपनीला भाड्याने लावलेली. त्यामुळे बसमधली सगळी पोरं त्यांना आत्या म्हणायची. चिंचवडला कॉलेजसमोर त्या उतरायला लागल्या की कोणीतरी अर्धवट झोपेत म्हणायचं, "आत्या, सावकाश." आणि रस्ता ओलांडून त्या फाटकाशी पोचल्या की वॉचमन उभा राहून म्हणायचा, "गुड मॉर्निंग, मॅडम."

एकदा एका नव्या सुपरवायझरने त्यांना कंपनीच्या ऑडिटर समजून रात्रीत रिजेक्ट झालेल्या मालाचा सगळा पाढा वाचला. मॅडमनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि वर दोन शंका विचारल्या. तो बिचारा दुसऱ्या दिवशी उत्तरं घेऊन आला.

सेफ्टी शूजबद्दल विचारलं की म्हणायच्या, "प्रयोगशाळेत काही ना काही पायावर पडतंच. शेतात काटे असतात. कॉलेजच्या जिन्यावर पोरं तुडवतात. ह्याच्याइतकं सोयीचं पायताण नाही. फक्त देवळात काढायला वेळ लागतो, तेवढा वेळ देव थांबतो."

मी लातूरकडची. फिजिक्समध्ये एमएस्सी करून पीएचडीला नाव घातलं होतं आणि तासिका तत्त्वावर शिकवायची जागा निघाली म्हणून पिंपरीत आले होते. दापोडीत एका काकूंकडे कॉटबेसिसवर राहायचे. मुलाखतीला तिघे बसले होते. दोघांनी मला माझे मार्क विचारले, जे त्यांच्या समोरच्या कागदावर होते. मग मधोमध बसलेल्या मॅडमनी पर्समधून सीडीचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला.

"ह्याच्यात त्या ट्यूबलाइटचा उजेड धर. काय दिसतं?"

मी सुरुवात केली, "ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते, तिच्यातून वीज गेली की..."

"पुस्तकातलं नंतर सांग. दिसतंय काय?"

मी तुकडा तिरका केला, डोळा बारीक केला. "हिरवा पट्टा. एकदम ठसठशीत. मग जरा काळोख. मग नारिंगी, जरासा फाटल्यासारखा."

"बास," मॅडम म्हणाल्या. "ह्या पोरीला बघता येतं. उद्यापासून ये."

बाकीच्या दोघांना मी नंतर कधी भेटले नाही.

प्रकाश फोडून बघायचं मॅडमना व्यसन होतं. पर्समध्ये कंगवा नसायचा, पण सीडीचे तुकडे हमखास असायचे. रस्त्यावरचा दिवा, दुकानाची पाटी, गणपतीची रोषणाई, काहीही असो, तुकडा डोळ्याशी लावल्याशिवाय त्या पुढे जायच्या नाहीत. पुतण्याच्या लग्नात, मंगलाष्टका चालू असताना, त्यांनी स्टेजवरच्या सगळ्या दिव्यांची जात शोधून काढली आणि अक्षता टाकता टाकता मला सांगितली. मुंबई-पुणे रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा त्या खरोखर उदास झाल्या होत्या. "सोडियमचा दिवा कसा एका शब्दात बोलतो," त्या म्हणाल्या. "हे एलईडी म्हणजे नुसती बडबड."

वर्गात त्यांना एक शब्द चालायचा नाही, 'साधारण'. कोणी "साधारण एवढं येतं मॅडम" म्हटलं की त्या खडू खाली ठेवायच्या. "साधारण म्हणजे किती? चुकायचं तर आकडा सांगून चूक." पोरं त्यांच्या माघारी एकमेकांना हेच ऐकवायची. कँटीनमध्ये कोणी "साधारण पाच मिनिटांत येतो" म्हणालं की अख्खं टेबल ओरडायचं, "आकडा सांग!"

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. निघोज्यात भाऊ, वहिनी, पुतण्या आणि त्याची बायको अशा भरल्या घरात त्या राहायच्या. जमीन बरीचशी कारखान्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यात वहिनी हौसेने मेथी आणि कांदा काढायच्या. घराच्या गच्चीवर मॅडमनी स्वतःच्या हौसेने एक दुर्बीण बसवली होती आणि तिला मागून एक छोटा स्पेक्ट्रोग्राफ जोडला होता. स्पेक्ट्रोग्राफ म्हणजे ताऱ्याचा उजेड एका बारीक फटीतून आत घेऊन त्याचे रंग पसरून त्याचा फोटो काढणारं यंत्र. त्या फोटोत ठरावीक जागी काळ्या किंवा उजळ रेघा दिसतात आणि तारा कशाचा बनला आहे, तिथे काय चाललं आहे, ते त्या रेघा सांगतात.

पण कोणती रेघ कुठली हे ठरवायला शेजारी एका ओळखीच्या दिव्याचा वर्णपट ठेवावा लागतो. कॉलेजात त्यासाठी एक खास दिवा होता, तो ऐन सत्रात गेला. नवा मागवायचा तर ऑफिसच्या सह्या होईपर्यंत वर्ष उलटलं असतं. मी तोंड पाडून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "अगं, जुन्या काळी लोक लोखंडाची ठिणगी वापरायचे. हजारो रेघा असतात तिच्यात, सगळ्या मोजलेल्या. आणि लोखंड काय, आपल्याकडे गल्लोगल्ली जळतंय."

तासाभरात आम्ही काळेवाडीतल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात उभ्या होतो. माझ्या हातात लॅपटॉप, मॅडमच्या हातात दिव्याशी जुळवायला कॉलेजात आणलेला स्पेक्ट्रोग्राफ आणि त्याला जोडलेली एक लांब काचतंतूची वायर. दुकानदाराने मॅडमच्या बुटांकडे बघून स्टूल पुढे केलं.

"बोला ताई. गेट का ग्रिल?"

"ठिणगी पाहिजे."

"काय पाहिजे?"

"ठिणगी. वेल्डिंगची. तुम्ही तुमचं काम करा, मी लांबून उजेड घेते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून 'हो, असंच आहे' एवढंच सांगू शकले.

"डिझाइन कुठलं घेऊ मग?" त्याने विचारलं. काही न बनवता नुसतं वेल्डिंग करायचं ही कल्पना त्याला पटतच नव्हती. शेवटी त्याने एका गिऱ्हाइकाचा जिना समोर ओढला. चेहऱ्यावर काळ्या काचेची ढाल धरून मॅडम कोपऱ्यात उकिडव्या बसल्या, वायरचं टोक ठिणगीकडे रोखलं, आणि माझ्या लॅपटॉपवर रेघांचं जंगल उगवलं. मी किंचाळलेच. आजूबाजूच्या दुकानांतले लोक धावत आले, त्यांना वाटलं कोणाला शॉक लागला. मग प्रत्येकाला स्क्रीन बघायची होती. चहावाल्याने विचारलं, "हे लोखंड हाय?" मॅडम म्हणाल्या, "हे लोखंडाचं गाणं आहे." एक पिवळी रेघ मात्र लोखंडाची नव्हती. त्यावर आम्ही दोघींनी रस्त्यातच वाद घातला आणि ती वेल्डिंग रॉडवरच्या लेपातून आली असणार असं ठरलं. त्या गिऱ्हाइकाच्या जिन्याला त्या दिवशी गरजेपेक्षा बरंच जास्त वेल्डिंग झालं. तो जिना अजून हललेला नाही, असं दुकानदार मला पुढे कधीतरी म्हणाला.

हे सगळं चाललं होतं भिंगरीसाठी.

भिंगरी हा एक तारा. भाद्रपदा नक्षत्राच्या चौकोनाजवळचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याला नाव नव्हतं, यादीतला लांबलचक क्रमांक होता, म्हणून मॅडमनी नाव ठेवलं होतं. हा तारा स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की त्याच्या कमरेजवळचा वायू बाहेर फेकला जातो आणि ताऱ्याभोवती त्याचं एक कडं तयार होतं. काही वर्षं ते कडं राहतं, मग विरून जातं, मग कधीतरी परत येतं. कडं असलं की हायड्रोजनची लाल रेघ उजळ दिसते. कडं गेलं की तीच रेघ काळी पडते. मॅडम कितीतरी वर्षं गच्चीवरून भिंगरीकडे बघत होत्या. कडं विरताना त्यांनी पाहिलं होतं. आता रेघ काळीच होती आणि मॅडम वाट बघत होत्या.

"वन्सं, आली का वो तुमची भिंगरी?" वहिनी रोज सकाळी चहा देताना विचारायच्या.

"न्हाई वैनी. अजून नुसतीच हाय. हातात काय न्हाई." घरात मॅडम घरचं बोलायच्या.

त्या वर्षी हिवाळ्यात मॅडमना वाटायला लागलं की रेघेत काहीतरी बदल होतोय. पण गच्चीवरच्या यंत्राची ताकद तेवढी नव्हती. खात्री करायची तर मोठी दुर्बीण पाहिजे. मॅडमनी उत्तरेतल्या डोंगरावरच्या एका मोठ्या दुर्बिणीकडे आजवर अनेकदा अर्ज केले होते आणि दर वेळी नम्र नकार आला होता. ह्या वेळी अर्जावर त्यांच्या नावाबरोबर माझंही नाव होतं. आणि होकार आला. दोन संध्याकाळी आमच्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात मॅडम निवृत्त होणार होत्या. होकाराची बातमी वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला म्हणाल्या, "गरम कपडे आहेत का तुझ्याकडे? लातूरचं ऊन पाठीला बांधून चालणार नाही तिथं."

आणि मग सेटिंगचा प्रश्न आला.

स्पेक्ट्रोग्राफमध्ये रंग पसरायचं काम ग्रेटिंग करतं. काचेची पट्टी, तिच्यावर अतिशय बारीक समांतर रेघा. मॅडम तिला जाळी म्हणायच्या. त्या दुर्बिणीकडे दोन जाळ्या होत्या. एक विरळ रेघांची. तिच्यात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळा वर्णपट एका फोटोत येतो, पण बारकावे पुसट होतात. दुसरी दाट रेघांची. तिच्यात वर्णपटाचा एकच लहानसा तुकडा दिसतो, पण केसाएवढी खोच असली तरी कळते. जाळी बदलायला बराच वेळ लागतो. आणि भिंगरी त्या दिवसांत सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात डोंगराआड जायची. म्हणजे एका संध्याकाळी एकच जाळी. शिवाय डोंगरावर ढगांचा नेम नाही, त्यामुळे दोन्ही संध्याकाळी मिळतीलच असं धरता येत नव्हतं. कोणती जाळी बसवून ठेवायची ते आधीच कळवायचं होतं.

ते ठरवायला मी एका रविवारी निघोज्याला गेले. मॅडमनी गच्चीवर सतरंजी घातली, वहिनींनी वर भाकरी आणि मेथी पाठवली, आणि आमचं भांडण सुरू झालं.

मला विरळ जाळी हवी होती. "मॅडम, सगळा वर्णपट मिळाला की ताऱ्याचं तापमान काढता येईल, वेग काढता येईल, बाकीच्या सगळ्या रेघा मिळतील. कडं असो नसो, लिहायला काहीतरी हातात राहील."

"आपल्याला कडंच बघायचंय," मॅडम म्हणाल्या. "ती एक लाल रेघ. दाट जाळी."

"आणि कडं नसलं तर? एवढ्या लांब जाऊन एका काळ्या रेघेचा फोटो घेऊन यायचा?"

"नसलं तर नाही, असं छातीठोक सांगता येईल."

"छातीठोक 'नाही' कोण छापतं, मॅडम?"

हे मी जरा जोरात बोलले. खालून वहिनींनी वर बघितलं. माझा पीएचडीचा प्रबंध एका शोधनिबंधासाठी अडलेला होता आणि तो आल्याशिवाय कायमच्या नोकरीसाठी अर्जही करता येत नव्हता. मॅडमना हे सगळं माहीत होतं. त्या भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मेथी गार होतेय. खा."

मी त्या दिवशी तिथेच राहिले आणि सकाळी त्यांच्याबरोबर कंपनीच्या बसमध्ये चढले. मॅडम सीटवर बसल्या, पण नेहमीसारख्या खिडकीबाहेर न बघता मागे वळल्या.

"जागं कोण आहे रे?"

दोन-चार हात वर झाले.

"एक सांगा. आपल्याला एकदाच बघायला मिळणार आहे. सगळी पंगत एकदा बघून घ्यायची, का एकाच्याच ताटात काय वाढलंय ते नीट बघायचं?"

पुढची काही मिनिटं बसमध्ये जे झालं ते मी कुठल्याही विज्ञान परिषदेत पाहिलेलं नाही.

"पंगत, आत्या," एक जण म्हणाला. "ताटात काय, वरण-भातच असणार."

"ए, बघायचं तर आपल्या माणसाचं ताट बघायचं ना भावा!"

"आमच्यात सँपल तपासतात राव. सगळं तपासायला टाइम कुठंय?"

"पन सँपल चुकीचं उचललं तर? अख्खी लॉट गेली!"

"वाढपी कोन हाय त्याच्यावर हाय," मागून एक झोपाळू आवाज आला, आणि सगळी बस हसली. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "जेवण कुणाकडं हाय पण, आत्या?" मोशी येईपर्यंत बसचे दोन तट पडले होते आणि पंगतवाल्यांनी ताटवाल्यांना खादाड ठरवलं होतं. जे झोपले होते त्यांनाही उठवून मत विचारण्यात आलं.

शेवटी नांदेडकडच्या एका पोराने मॅडमना सरळच विचारलं, "आत्या, तुम्हाला स्वतःला काय बघायचंय?"

"मला सुरुवात बघायचीय," त्या म्हणाल्या. "कडं असलेलं मी बघितलंय. गेलेलं बघितलंय. ते येतं कसं, अगदी पहिल्यांदा, ते मला बघायचंय. बस एवढंच."

मग तो पोरगा म्हणाला, "मंग ताट बघा आत्या," आणि खिडकीला डोकं टेकवून झोपला.

त्या दिवशी दुपारी, तास संपल्यावर, मी वेधशाळेला मेल केला. दाट जाळी बसवावी म्हणून. मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला शोधनिबंधाची आठवण करून दिली असती. मी मेल पाठवला आणि मला एकदम हलकं वाटलं, परीक्षा संपल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फोन आला. वेधशाळेतले इंजिनिअर होते, आवाज शांत आणि थोडा वैतागलेला. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडमजी, आप लोगों का झगड़ा हुआ है क्या?"

"कौन बोला?" मॅडमनी विचारलं.

"मेरे पास दो मेल हैं. कल सुबह आपने लिखा, लो रेझोल्यूशन लगाओ. दोपहर में आपकी साथी ने लिखा, हाय रेझोल्यूशन लगाओ."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मॅडमनी बसमधून उतरल्या उतरल्या, माझ्यासाठी, विरळ जाळीचा मेल करून टाकला होता.

"मला न विचारता कशाला मेल पाठवायलात, मॅडम?" रागावले की माझं लातूर बाहेर पडतं.

"आणि तू विचारलंस?"

"तुम्हाला सुरुवात बघायची होती ना?"

"आणि तुला निबंध नको का? मी काय, मे महिन्यात घरी बसणार. तुझं सगळं पुढं आहे. विरळच लावायची."

"दाट!"

"विरळ!"

रविवारी जे भांडण गच्चीवर झालं होतं तेच आता बाजू बदलून, आवाज चढवून, स्टाफरूममध्ये सुरू झालं. गणिताचे सर हातातला चहा तसाच धरून उभे होते. फोनवर तिकडून हळूच आवाज आला, "मैं टॉस कर लूँ क्या?"

"नहीं!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

मग मॅडम खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "अगं, आपण दोघी एकमेकींसाठी जाळ्या निवडतोय. भिंगरीसाठी कोणी निवडतच नाही. सांग, दुर्बिणीला आपण प्रश्न काय विचारलाय?"

"कडं परत येतंय का?"

"ह्याचं उत्तर विरळ जाळीत मिळेल?"

मी विचार केला. "मोठं कडं असेल तर मिळेल. नुकतंच यायला लागलं असेल तर नाही मिळणार. पुसट होऊन जाईल."

"मग झालं. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी नको." त्या फोनकडे वळल्या. "भैया, हाय रेझोल्यूशन. और ये फायनल है. अब तीसरा मेल आया तो फेंक देना."

मॅडमना निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मी दुसऱ्या एका कॉलेजात कायम झाले आणि 'साधारण' हा शब्द आता मीही खपवून घेत नाही. मॅडम त्याच गच्चीवर असतात. बसमधली पोरं सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन चंद्र बघायला येतात आणि जाताना मेथी घेऊन जातात. परवा भेटले तेव्हा त्या घरात नवीन लावलेल्या दिव्याला नावं ठेवत होत्या. पण मॅडम म्हटलं की मला आठवते ती डोंगरावरची दुसरी संध्याकाळ.

पहिली संध्याकाळ ढगांनी खाल्ली. धुकं खिडकीला येऊन चिकटलं, घुमट उघडताच आला नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. मॅडम साडीवर दोन स्वेटर आणि वर माझी शाल गुंडाळून वेधशाळेच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथल्या आचाऱ्याला ठेचा करायला शिकवून आल्या. सगळ्या स्टाफच्या डोळ्यांत पाणी आलं आणि थंडी कोणालाच वाजेना.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला आणि आभाळ धुतल्यासारखं झालं. पण त्याच वाऱ्याने ताऱ्याचं बिंब थरथरायला लागलं. सूर्य मावळला, पश्चिमेला अजून तांबूस उजेड होता. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर भिंगरीचा ठिपका नाचत होता, फुगत होता. इंजिनिअर म्हणाले, फट रुंद केली तर जास्त उजेड आत येईल, पण बारकावा जाईल. अरुंद ठेवली तर निम्मा उजेड बाहेरच राहील. दोघांनी माझ्याकडे बघितलं, कारण माउस माझ्या हातात होता. मॅडम हात मांडीवर जोडून बसल्या होत्या, परीक्षेच्या हॉलबाहेर बसलेल्या पालकांसारख्या.

"अरुंदच ठेवते," मी म्हणाले. "वेळ वाढवू. डोंगराआड जाईपर्यंत सगळा उजेड गोळा करू."

पहिला फोटो उतरायला बराच वेळ लागला. मग स्क्रीनवर आलेख आला. लाल रेघेच्या जागी खोल काळी दरी. गच्चीवरून दिसायची तशीच. मी माउसवरून हात काढला.

"मोठं कर," मॅडम म्हणाल्या.

मी दरीचा तळ मोठा केला. दरीच्या दोन्ही उतारांवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, इवलीशी दोन शिंगं वर आली होती. कडं ताऱ्याभोवती फिरत असतं, त्यामुळे त्याची एक बाजू आपल्याकडे येते आणि दुसरी लांब जाते. त्याच्या उजेडाच्या दोन शिखरांत वाटणी होते. पुस्तकात ते चित्र मी अनेकदा पाहिलं होतं. विरळ जाळीत ही शिंगं दरीत मिसळून कधीच दिसली नसती.

"धूळ असेल," मी म्हणाले. "किंवा कॅमेऱ्याचा डाग."

"दुसरा घे."

दुसऱ्या फोटोत शिंगं त्याच जागी होती. तिसऱ्यातही. चौथा उतरत असतानाच भिंगरी डोंगराआड गेली. इंजिनिअर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मुबारक हो, मॅडमजी." मला मॅडमकडे बघायचं धाडस होईना. बघितलं तेव्हा त्या स्क्रीनच्या अगदी जवळ गेलेल्या होत्या, नाक टेकेल इतक्या, आणि काचेला न लागता त्या दोन शिंगांवरून हळूहळू बोट फिरवत होत्या.

मग त्यांनी फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि निघोज्याला लावला. इतक्या मोठ्याने बोलायला लागल्या की फोनची गरजच नव्हती.

"वैनी! आली गं, आली!"

पलीकडे वहिनींच्या मागे कुकरची शिट्टी होत होती. "कोन आली, वन्सं? पाव्हनी व्हय? भात वाढवू का?"

"अगं, भिंगरी! भिंगरी आली! हातात कडं घालून आली!"

"व्हय?" वहिनींच्या आवाजात खरा आनंद होता. पोर माहेरी आल्यासारखा. "अगं बया! मंग सोन्याचं हाय का चांदीचं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"हायड्रोजनचं हाय, वैनी!"

वहिनींनी कुकरची आणखी एक शिट्टी होऊ दिली. मग म्हणाल्या, "असूं दे, असूं दे. नवंकोरं हाय न्हवं? मंग दिष्ट काढा पोरीची."